कठीण प्रवेशाची शाळेंतील तयारी

दहावीच्या वर्गांत बसणाऱ्या पुष्कळ मुलांच्या मनांत, आणि त्यांहूनही अधिक त्यांच्या आईबापांच्या मनांत, एक प्रश्न सदा घोळत असतो. पवईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या संस्थेंत प्रवेश मिळावा म्हणून शाळेंत असतांनाच काय करावें? प्रश्न रास्त आहे. परंतु वाटेस लागण्यापूर्वीं ती वाट किती अरुंद आहे, हें पाहून घेणें शहाणपणाचें होय.

या संस्थांपैकीं पहिली १९५१ सालीं खरगपूर येथें निघाली. पवईची १९५८ सालीं. आज त्या एकंदर २३ आहेत. प्रवेशासाठीं दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली ‘मेन’, तींत वरचे क्रमांक मिळविणाऱ्या सुमारें २,५०,००० विद्यार्थ्यांसच दुसऱ्या, म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड’, परीक्षेस बसण्याची मुभा असते. ही दुसरी परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत फार तर दोन वेळां देतां येते. शिवाय सर्वसाधारण विद्यार्थ्यास बारावींत शेंकडा ७५ गुण, अथवा आपल्या मंडळांत वरच्या शेंकडा २० विद्यार्थ्यांत स्थान, मिळवावें लागतें. २०२४ सालीं पहिल्या परीक्षेस १४ लाखांहून अधिक व दुसरीस १,८०,२०० विद्यार्थी बसले. जागा होत्या १७,७४०.

या परीक्षांचा अभ्यासक्रम मुख्यतः अकरावी-बारावीचा असतो. म्हणून कित्येक पालक आठवींतल्या मुलास अकरावीचीं पुस्तकें देऊन शिकवणीस धाडतात. पाया भरण्यापूर्वीं माडी चढविण्याचा हा प्रकार आहे. दहावींत भेटणारें वर्गसमीकरणच पुढें, वर फेकलेला चेंडू किती वेळानें खालीं येईल, हें काढतांना पुन्हा भेटतें. ज्याला तें आज समजलें, त्याला उद्यांचा धडा जड जात नाहीं. आरशाचें सूत्र पाठ करणारे पुष्कळ असतात. परंतु जेवतांना चकचकीत चमच्याच्या खोलगट बाजूंत आपलें तोंड उलटें कां दिसतें व पाठीमागील बाजूस सुलटें कां, असा प्रश्न ज्याला पडतो आणि जो वहींत किरणांची आकृति काढून त्याचें उत्तर शोधतो, त्याची तयारी खरी सुरू झाली असें समजावें.

तीन संवयी शाळेंतच लावून घ्याव्या. पहिली, उदाहरण स्वतः झटून पाहिल्यावांचून मागील पानावरील उत्तर पाहूं नये. दुसरी, चुकांची एक निराळी वही ठेवावी. चूक कोठें झाली व कां झाली, हें तींत लिहावें आणि दर आठवड्यास ती वाचावी. तिसरी, ‘मला येतें’ आणि ‘मला येतेंसें वाटतें’ यांतील भेद प्रामाणिकपणें ओळखावा. पहिल्या परीक्षेंत बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात आणि चुकलेल्या उत्तरास १ गुण वजा होतो. तेथें अंदाजानें मारलेला खडा बहुधा आपल्यालाच लागतो.

आतां पालकांस दोन शब्द. वरील आकडे पुन्हा एकदां पाहावे. दुसऱ्या परीक्षेपर्यंत पोहोंचलेल्या हुशार मुलांतूनही दहांपैकीं नऊ जणांस जागा मिळत नाहीं. तीं नऊ मुलें आळशी नव्हत. जागाच तितक्या आहेत. ‘तेथें गेला नाहींस तर जन्म फुकट गेला’ असें मुलास रोज ऐकविणें, म्हणजे नापास होण्यापूर्वींच त्याला शिक्षा देणें होय. त्याची झोंप व त्याचें खेळणें हिरावून घेऊं नका; थकलेलें डोकें तिसऱ्या तासाला साध्या बेरजेंतही फसतें. आणि मुलीस मागें ठेवूं नका. २०१८ सालापासून या संस्थांतून मुलींकरितां जादा जागा ठेवण्यांत आल्या आहेत. ‘हें मुलींचें काम नव्हे’ असें घरच्यांनींच म्हटल्यास त्या जागांचा आपल्या मुलीस उपयोग तो काय?

तयारी अशी करावी कीं, दार उघडलें तर आंत शिरतां यावें, आणि न उघडलें तरी हातांत कांहीं उरावें. स्वतः विचार करण्याची शक्ति, चूक कबूल करण्याचें धैर्य आणि नियमितपणा हीं ज्यानें शाळेंत मिळविलीं, त्याला कोणत्याही महाविद्यालयांत तीं उपयोगीं पडतील. एका परीक्षेच्या निकालानें तीं हिरावून घेतलीं जात नाहींत.