शिकारी रायफलीच्या नळीची लांबी : निवडीमागील शास्त्र आणि मर्यादा

प्रास्ताविक

काडतुसांच्या खोक्यावर गोळीचा जो वेग छापलेला असतो, तो ज्या नळीतून मोजलेला असतो ती नळी बहुतेक वेळा शिकाऱ्याच्या हातातील रायफलीची नसते. अमेरिकेतील काडतूस-उत्पादकांच्या प्रमाणकांनुसार बहुतांश रायफल-काडतुसांची चाचणी २४ इंच लांबीच्या नळीतून होते. बाजारात मात्र १६ ते २६ इंचांपर्यंतच्या नळ्या मिळतात. छापील वेग आणि प्रत्यक्ष वेग यांतील हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. परंतु प्राणी जागीच मरतो की जखमी होऊन रानात नाहीसा होतो, हे काही प्रसंगी त्याच फरकावर अवलंबून असते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचा प्रश्न निकालात काढला आहे. उत्तर अमेरिका आणि युरोप येथे मात्र शिकार हा वन्यजीव-व्यवस्थापनाचा अधिकृत भाग आहे आणि तेथे या प्रश्नाला भौतिकशास्त्राइतकीच कायद्याचीही बाजू आहे.

दाब, आकारमान आणि वेग

काळ्या दारूच्या काळात नळ्या लांब असत. ब्रिटिश मार्टिनी-हेन्री रायफलीची नळी ३३ इंचांहून थोडी अधिक होती. १८८४ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ पॉल व्हिएय याने निर्धूम दारू सिद्ध केली आणि कमी दारूत अधिक दाब मिळू लागला. बोअर युद्धाच्या (१८९९–१९०२) अनुभवानंतर ब्रिटिश सैन्याने लांब ली-एनफील्डची ३०.२ इंचांची नळी २५.२ इंचांवर आणली आणि पायदळ व घोडदळ या दोघांसाठी एकच रायफल ठेवली. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीची नळी २४ इंच ठरली. पुढील काळात शिकारी रायफलींसाठी रूढ झालेला २२ ते २४ इंचांचा प्रघात या लष्करी निर्णयांच्या छायेतच वाढला, असे मानण्यास जागा आहे.

नळी म्हणजे एक लांब सिलिंडर आणि गोळी म्हणजे त्यातील दट्ट्या. दारू पेटताच वायूचा दाब झपाट्याने चढतो. .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी कमाल अनुज्ञेय दाब दर चौरस इंचास ६२,००० पौंड, म्हणजे वातावरणीय दाबाच्या चार हजार पटींहून अधिक आहे. गोळी पहिले काही इंच सरकते न सरकते तोच हे शिखर गाठले जाते. त्यानंतर मागील पोकळी वाढत जाते व दाब उतरत जातो. दाब आणि सरकलेले अंतर यांच्या आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजे गोळीवर झालेले कार्य. नळीच्या शेवटच्या इंचांत हा आलेख बराच खाली आलेला असल्याने त्या इंचांचे योगदान तुलनेने थोडे असते.

किती थोडे, हे काडतुसाच्या पोटावर ठरते. .३०८ विंचेस्टरच्या कवचात सुमारे ३.६ घन सें.मी. पाणी मावते आणि तिच्या नळीतील सुमारे तीन इंचांची पोकळी तेवढ्याच आकारमानाची असते. ७ मि.मी. रेमिंग्टन मॅग्नमचे कवच सुमारे ५.३ घन सें.मी.चे, नळी मात्र अधिक अरुंद; तेथे तेवढ्याच आकारमानासाठी पाच इंच लागतात. साहजिकच २४ इंचांच्या नळीत पहिल्या काडतुसाचा वायू मूळ आकारमानाच्या सुमारे आठपट, तर दुसऱ्याचा केवळ पाचपट प्रसरण पावतो. मॅग्नम काडतुसांना २६ इंचांची नळी मानवते आणि आखूड नळीत त्यांचे अधिक नुकसान होते, त्याचे कारण हेच. दुसऱ्या टोकाला .२२ लाँग रायफल हे चिमुकले काडतूस सुमारे १६ इंचांतच आपला कमाल वेग गाठते. त्यापुढील नळीत घर्षणच अधिक.

अनुभवाने ठरलेला ढोबळ हिशेब असा की .३०८ सारख्या मध्यम काडतुसात दर इंचामागे सेकंदाला २० ते २५ फूट वेग कमी होतो. मोठ्या मॅग्नम काडतुसांत ही घट ५० फुटांपर्यंत जाऊ शकते. आखूड नळीसाठी जलद जळणारी दारू हवी, अशी समजूत शिकाऱ्यांत फार पसरलेली आहे. ती बहुधा चुकीची आहे. लांब नळीत सर्वाधिक वेग देणारी दारू आखूड नळीतही सहसा सर्वाधिक वेग देते.

कायद्याची कसोटी

स्कॉटलंडच्या १९८५ च्या आदेशानुसार तांबड्या हरणावर झाडावयाच्या गोळीचा नळीच्या मुखाशी वेग सेकंदाला किमान २,४५० फूट आणि ऊर्जा किमान १,७५० फूट-पौंड असावी लागते. १८० ग्रेन वजनाची .३०८ गोळी २४ इंचांच्या नळीतून सुमारे २,६२० फूट वेगाने निघते. २० इंचांच्या नळीत हा वेग सुमारे २,५२० ते २,५४० फूट, तर १६ इंचांत २,४२० ते २,४६० फूट होतो. म्हणजे ऊर्जा दोन हजार फूट-पौंडांहून अधिक असूनही केवळ नळी आखूड केल्यामुळे तेच काडतूस बेकायदेशीर ठरण्याचा संभव निर्माण होतो. जर्मनीत रो हरणाहून मोठ्या खुरी प्राण्यांसाठी किमान ६.५ मि.मी. व्यास आणि १०० मीटरवर २,००० ज्यूल ऊर्जा अशी अट आहे. तेथे निकष मुखाशी नव्हे, लक्ष्याजवळ लावला जातो, आणि ते अधिक समंजसपणाचे वाटते. प्राण्याला गोळी मुखाशी लागत नाही.

याच गोळीचा वेग हवेत दर शंभर यार्डांना साधारण १८० ते २०० फुटांनी उतरतो. तेव्हा नळीतून आठ इंच कापणे म्हणजे प्राणी सुमारे शंभर यार्ड दूर नेऊन उभा करण्यासारखे आहे. दीडशे यार्डांच्या आत शिकार करणाऱ्यास याने काही बिघडत नाही. तीनशे यार्डांवर मात्र बिघडते, कारण शिकारी गोळी शरीरात शिरल्यावर उमलावी लागते आणि अनेक गोळ्यांसाठी त्याची किमान वेगमर्यादा १,८०० ते २,००० फुटांच्या आसपास असते. त्याखाली गोळी न उमलता आरपार जाते. प्राणी धावतो आणि मागे रक्ताचा मागही नीट उरत नाही.

शिशाच्या बंदीने हा मुद्दा तीव्र केला आहे. कॅलिफोर्नियात काँडर गिधाडांना होणाऱ्या शिसेविषबाधेमुळे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण मनाई आहे. तांब्याची गोळी शिशाहून कठीण असल्याने तिला उमलण्यास सामान्यतः अधिक वेग लागतो.

हाताळणी, नेम आणि आवाज

लांब नळी अधिक अचूक असते ही समजूत उघड्या माश्यांनी नेम धरण्याच्या काळातील आहे. पुढची व मागची माशी जितकी दूर, तितकी नेमातील चूक कमी. हे तेव्हा खरे होते. दुर्बीण आल्यावर हा लाभ संपला. उलट एका टोकाला धरलेल्या दांड्याचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे त्याच जाडीची आखूड नळी अधिक ताठ असते. वजनाचा फरक मात्र फुगवून सांगितला जातो : साधारण शिकारी नळीच्या मुखाकडील प्रत्येक इंचाचे वजन २५ ते ३० ग्रॅम भरते. चार इंच कापून वाचतात ते जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. अडचण वजनाची नसून झुडपांत अडकण्याची असते. १८९४ च्या विंचेस्टरची २० इंची कार्बाइन अमेरिकेच्या पूर्वेकडील दाट जंगलांत लोकप्रिय झाली, ती यामुळेच.

आखूड नळीची खरी किंमत कानाला मोजावी लागते. गोळी बाहेर पडताना वायूचा दाब जितका अधिक शिल्लक, तितका स्फोट व झळाळ अधिक. शिकारी रायफलीचा आवाज एरवीही १६० डेसिबलच्या आसपास असतो. १४० डेसिबलवरील एकच आघात श्रवणास कायमची हानी करू शकतो. नॉर्वे, फिनलंड आणि ब्रिटन येथे म्हणूनच शिकारी रायफलीवर ध्वनिशामक बसविणे ही सामान्य बाब आहे. ध्वनिशामकाने लांबी १५ ते २० सें.मी.ने वाढते, आणि ती भरून काढण्यासाठी नळी पुन्हा १८ किंवा २० इंचांवर आणली जाते. अलीकडे आखूड नळ्यांना मागणी वाढली आहे, तिचा बराच भाग या व्यवहारातून आला आहे. फॅशनचा वाटा त्यात कमी आहे.

अमेरिकेत खालची मर्यादा संघीय कायद्याने घातलेली आहे. १९३४ च्या कायद्यात ती १८ इंच होती, १९६० मध्ये रायफलींसाठी १६ इंच झाली. त्याहून आखूड नळीच्या रायफलीसाठी आणि ध्वनिशामकासाठी १९३४ पासून आकारला जाणारा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. नोंदणीचे बंधन मात्र कायद्यात राहिले. ही लांबी बंद बोल्टच्या दर्शनी पृष्ठापासून मुखापर्यंत मोजतात, म्हणजे काडतूस बसण्याची जागाही तिच्यातच धरली जाते. १६ इंची नळीत गोळीला धावण्यासाठी प्रत्यक्षात १४ इंचांच्या आसपासच अंतर मिळते. शिवाय एकाच कारखान्याच्या समान लांबीच्या दोन नळ्यांतून निघणारा वेगही काही दशक फुटांनी वेगळा येऊ शकतो. निवड सीमारेषेजवळ असेल तेव्हा तक्ते पुरेसे नसतात, त्या रायफलीतून ठरलेले काडतूस झाडून वेग क्रोनोग्राफने मोजावा लागतो.