दोन गिअरपेट्या आणि बैलाची चाल

वसईच्या वाडीत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. शिरलाच तर वळत नाही. नाळा, भुईगाव, निर्मळ, आगाशी या पट्ट्यात एका अंगाला केळी, दुसऱ्या अंगाला मोगरा नाहीतर पानवेल, मधून पाण्याचा पाट, डोक्यावर झावळ्या आणि कोपऱ्यात छोटं तळं, म्हणजे बावखल. तिथे चाळीस-पन्नास एचपीचं धूड आणायचं तर आधी निम्मी वाडी मोकळी करावी लागेल. रेल्वे ओलांडून पूर्वेला गेलं, की वालीव, सातिवली, गोखिवऱ्याचे गाळे लागतात. लेथ, वेल्डिंग, भंगाराची गोदामं. कुठे रिक्षाचं इंजिन पडलेलं, कुठे ओम्नीची गिअरपेटी, कुठे टेम्पोचं अख्खं मागचं एक्सल.

या भंगारातून वाडीत मावेल असा ट्रॅक्टर उभा राहतो का? राहतो. अमेरिकेत 1930 च्या मंदीत आणि पुढे युद्धाच्या टंचाईत शेतकऱ्यांनी जुन्या फोर्ड मोटारी कापून असे ट्रॅक्टर बनवले. त्यांना लाडाने ‘डूडलबग’ म्हणत. आपल्या शेजारी, गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात मोटा देवळियाच्या मनसुखभाई जगानींनी 1990 च्या दशकात एन्फिल्ड बुलेटचं मागचं चाक काढलं, तिथे दोन चाकांचा सांगाडा बसवला आणि त्याला कुळवणी-कोळपणीची अवजारं जोडली. या सगळ्या उद्योगात लोक इंजिनाकडे बघत बसतात. मला विचाराल तर खरं नवल आहे ते हळू जाण्याचं.

विचार करा. भंगारात पडलेला जवळजवळ प्रत्येक भाग पळण्यासाठी बनलेला आहे. ओम्नीला साठ-सत्तरच्या वेगाने हमरस्ता गाठायचा होता. नांगराला मात्र बैलाची चाल हवी, म्हणजे ताशी अडीच-तीन किलोमीटर. पळणाऱ्या गाडीच्या अवयवांना बैलाची चाल कशी शिकवायची?

आकडे सोयीचे, गोल धरू. इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्या फिरतंय. पहिल्या गिअरमध्ये साडेतीन फेऱ्यांची एक होते. मागच्या एक्सलमध्ये पाचाची एक. दोन्ही मिळून साडेसतराला एक. म्हणजे चाक मिनिटाला साधारण 86 वेळा फिरेल. चाकाचा व्यास 60 सेंटिमीटर असेल, तर गाडी ताशी पावणेदहा किलोमीटरने निघेल. एवढ्या वेगात नांगर धरणं सोडाच, त्याच्या मागे पळणंसुद्धा अवघड.

आता युक्ती बघा. पहिल्या गिअरपेटीच्या मागे दुसरी गिअरपेटी जोडायची. पहिलीतून बाहेर येणारा शाफ्ट दुसरीत घालायचा. दुसरी पेटीही पहिल्या गिअरवर ठेवली, की आणखी साडेतीनाची एक. एकूण साधारण एकसष्टाला एक. तेच इंजिन, त्याच 1500 फेऱ्या, आणि गाडी चालते ताशी पावणेतीन किलोमीटरने. बैल!

गिअरपेटी म्हणजे सुट्ट्या पैशांचं दुकान आहे. वेगाची नोट द्यायची, ओढीची चिल्लर घ्यायची, आणि दुकानदार थोडं कमिशन घर्षणापोटी कापून घेतो. चाकांपर्यंत 5 एचपी पोचते असं धरलं, तर ताशी पावणेदहाच्या वेगात ओढ मिळते सुमारे 140 किलोची. पावणेतीनच्या वेगात तीच ओढ 490 किलोंच्या घरात जाते. इंजिनात एक थेंब डिझेल किंवा पेट्रोल जास्त जाळलेलं नाही. फक्त घाई सोडली.

दोन पेट्यांची आणखी एक गंमत आहे. प्रत्येकीत चार पुढचे आणि एक रिव्हर्स गिअर असेल, तर पुढे जाण्याच्या तऱ्हा सोळा नाहीत, सतरा होतात. सतरावी कुठून आली? दोन्ही पेट्या रिव्हर्समध्ये टाका. उलट्याचं उलट, गाडी पुढे! मागे जायच्या तऱ्हा आठ. मोठ्या कंपनीचा नवा ट्रॅक्टरसुद्धा एवढी चैन सहज देत नाही.

पण क्रम चुकवून चालत नाही. दुसऱ्या पेटीत शिरणारा जोर आधीच साडेतीनपट झालेला असतो. ती छोट्या गाडीची असेल, तर दात उडतात, नाहीतर शाफ्ट पिळवटतो. म्हणून डूडलबगवाले शहाणे लोक पुढे मोटारीची पेटी आणि मागे ट्रकची पेटी लावत, एक्सलही ट्रकचं. इंजिनापासून चाकाकडे जाताना माल जाड होत गेला पाहिजे. आणि एक्सल बसवताना वरची बाजू खाली झाली, तर आतलं मोठं दातेरी क्राउन चाक त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनच्या दुसऱ्या अंगाला जातं आणि सगळी दिशा फिरते: एकाच पेटीच्या गाडीला चार रिव्हर्स, एक फॉरवर्ड. हा प्रकार जगभरच्या हौशी लोकांच्या हातून होत आलाय.

एवढी 490 किलोंची ओढ हाती आली, तरी ती मातीला लागेलच असं नाही. मोकळ्या मातीत रबरी चाक आपल्यावरच्या भाराच्या साधारण निम्मीच ओढ देऊ शकतं. साडेतीनशे किलोंचा हलका गडी जोर लावायला गेला, की चाकं जागच्या जागी गरगरतात. म्हणून ट्रॅक्टरला मुद्दाम जड करतात. मागच्या चाकांना लोखंडी चकत्या लावतात, किंवा ट्यूबमध्ये पाऊण भाग पाणी भरतात. लिटरला एक किलो वजन, आणि बावखलातलं पाणी फुकट. वसई पूर्वेच्या भातखाचरात चिखलणीला हे कामाचं नाही. तिथे रबरी चाकं उतरवून लोखंडी पट्ट्यांची जाळीदार चाकं लावतात, ती चिखल कापत जातात. वाडीत मात्र वजनाचा हव्यास नको. केळीची मुळं वरच्या थरात असतात आणि दाबलेली माती त्यांना सोसत नाही.

थंडाव्याचा मुद्दा लोक विसरतात. मोटरसायकलचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, आणि बैलाच्या चालीत वारा कुठला? रिक्षाच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो, म्हणून ते या कामाला बरं.

आता वळण. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावं लागतं. ही सोय डिफरन्शियल करतो. 1827 साली फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी वाफेच्या गाडीसाठी तो योजला. रस्त्यावर तो देवमाणूस, चिखलात मात्र भोळा. एक चाक घसरलं, की सगळं फिरणं त्यालाच देतो आणि कोरड्या जमिनीवरचं चाक ढिम्म उभं राहतं. ट्रॅक्टरवर यावर जुना उतारा आहे: डाव्या आणि उजव्या चाकाला वेगवेगळा ब्रेक. घसरणारं चाक ब्रेकने धरलं, की जोर आपोआप दुसऱ्याकडे जातो. आणि केळीच्या रांगेच्या टोकाला आतल्या चाकाचा ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर जवळजवळ त्याच चाकाभोवती फिरतो. भंगारातून बनवताना हे अगदी स्वस्तात जमतं. मागच्या दोन ड्रमांना जाणारी ब्रेकची जोडणी वेगळी करायची आणि दोन हँडब्रेकचे दांडे शेजारी शेजारी बसवायचे. चार-पाच लाखांच्या यंत्रात असते ती वळणाची हुशारी दोन दांड्यांत येते.

अवजार कुठे अडकवायचं, हे जिवावरचं प्रकरण आहे. साखळी एक्सलच्या वर बांधली आणि फाळ मुळाला अडला, तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. 1917 साली आलेल्या फोर्डसनने असे पुष्कळ बळी घेतले. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी 1926 मध्ये ज्या जोडणीचं पेटंट घेतलं, तिची तीन दांड्यांची रचना आज बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागे दिसते. नांगराच्याच ओढीने मागची चाकं दाबली जातात आणि पुढचं तोंड खाली राहतं. घरच्या कारागिराने निदान एवढं पाळावं: ओढ नेहमी एक्सलच्या खालून.

महाराष्ट्रात या जातीच्या कारागिरीचं गाजलेलं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचं. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून सुमारे 60,000 रुपयांत चारचाकी बनवली. तिला दुचाकीसारखी किक मारायची. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि पुढच्या महिन्यात त्या गाडीच्या बदल्यात लोहारांच्या दारात नवी बोलेरो आली. तिथून किर्लोस्करवाडी फार लांब नाही. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगरांसाठी शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या होत्या. त्या मुलखात भंगार बघण्याची नजरच वेगळी असावी.

महिंद्रांनी तेव्हाच लिहिलं होतं, की ही गाडी नियमात बसत नाही, अधिकारी ती कधी ना कधी थांबवतील. सर्वोच्च न्यायालयानेही 2013 मध्ये जुगाडाच्या गाड्यांना मोटार वाहनांचे सगळे नियम लागू असल्याचं स्पष्ट केलं. तेव्हा वाडीचा ट्रॅक्टर वाडीत. आगाशी नाक्यावर न्यायला तो काही मोपेड नव्हे.

कुणाला खाज सुटली असेल, तर भंगारवाल्याकडे इंजिनाची चौकशी शेवटी करा. आधी मागचं एक्सल निवडा. त्यावरचा शिक्का पुसलेला असतो, पण आतले दात मोजायला हौसिंग उघडायची गरज नसते. एक्सल दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवा, एक चाक पक्कं अडकवा, पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करा. मोकळं चाक हाताने बरोबर दोन वेळा फिरवा. एक चाक अडलेलं असल्यामुळे दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत क्राउन चाक एकदाच फिरतं. खडूची खूण तेवढ्यात पाच वेळा वर आली, तर एक्सल पाचाला एकचं. सात वेळा आली, तर ते टेम्पो-ट्रकच्या जातीचं. भाव सांगेल तो द्या आणि घेऊन या.