पहिला तास येणीबाकीचा

मंडळी, छोटा कारखाना किंवा वर्कशॉप चालवणाऱ्याचा दिवस जातो कुठे? ‘शेठ, गाडी आली’, ‘दादा, दोनच मिनिटं’, मध्येच लाइट गेली, चहा आला. संध्याकाळी अंग मोडून येतं, आणि वसुलीचा एकही फोन झालेला नसतो! आरडाओरडा करणारं काम आधी उरकतं, पैशाचं काम गप्प बसून राहतं.

म्हणून माझा हट्ट एकच: शटर वर गेलं की पहिला तास येणीबाकीचा. सगळ्यात जुनं बिल सगळ्यात वर. सोबत कायदाही माहीत असू द्या. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला, तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज! उद्यम नोंदणी मात्र माल देण्याआधीच करून ठेवा. (निव्वळ व्यापाऱ्यांना हा आधार नाही, हे मला पटत नाही.) भांडायची गरज नाही, बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा, एवढ्यानेही कधीकधी समोरचा सूर बदलतो.

पैशाचं दुसरं गप्प काम म्हणजे जीएसटी. त्याच्या तारखा ठरलेल्या: मासिक विवरणपत्रांसाठी 11 आणि 20. उलाढाल 5 कोटींपर्यंत असेल तर तिमाही विवरणपत्राची सोय आहे, कर मात्र दरमहाच भरायचा.

व्हॉट्सॲपवरची शुभ सकाळ? ती जेवण झाल्यावर बघा.