टायटॅनोसॉरसचे नाव का गेले?

जबलपूरजवळच्या बारा सिमला टेकडीवर 1828 मध्ये कॅप्टन विल्यम स्लीमन याला दगड झालेली काही हाडे मिळाली, तेव्हा ‘डायनोसॉर’ हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. रिचर्ड ओवेनने तो 1842 मध्ये दिला. पुढे 1877 मध्ये रिचर्ड लिडेकरने त्या परिसरातल्या शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ अशी नवी प्रजाती आणि जाती जाहीर केली. भारतीय डायनोसॉरला मिळालेले हे पहिले शास्त्रीय नाव. सव्वाशे वर्षांनी, 2003 मध्ये, जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी ते बाद ठरवले. एवढे जुने नाव असे जात असेल तर जीवाश्मांवरून प्राणी ओळखणे म्हणजे निव्वळ तर्कबाजी आहे, असे कोणालाही वाटेल. माझे मत नेमके उलट आहे. हे नाव ज्या कारणाने गेले, त्या कारणातच या शास्त्राचा भक्कमपणा दिसतो.

लिडेकरपुढे सबंध प्राणी नव्हता, पण त्या मणक्यांची घडण वेगळी होती. लांब मानेच्या अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरांच्या शेपटीतले मणके साधारणपणे दोन्ही टोकांना सपाट किंवा किंचित खोलगट असतात. जबलपूरचे मणके पुढून खोलगट आणि मागून गोलाकार फुगीर होते, म्हणजे एका मणक्याचा गोळा मागच्या मणक्याच्या खळग्यात बसत असे. त्या वेळी माहीत असलेल्या प्राण्यांत ही खूण वेगळी उठून दिसत होती, म्हणून नवे नाव देणे रास्तच होते. नवी जाती मांडताना आकार किंवा हाडांची संख्या पुरत नाही. दुसऱ्या कशात नाही असे लक्षण, किंवा लक्षणांचा असा संच, त्या हाडांवर दाखवून द्यावा लागतो. ते नाव मग त्याच मूळ नमुन्याला कायमचे बांधले जाते.

पुढच्या शतकात अशाच घडणीचे मणके अर्जेंटिनात, मादागास्करमध्ये, युरोपात, अगदी लाओसमध्येही मिळाले आणि टायटॅनोसॉरसच्या नावावर एकूण 14 जाती जमा झाल्या. क्रिटेशस कालखंडाची तब्बल सहा कोटी वर्षे एकच प्रजाती जगभर वावरत होती, असा त्याचा अर्थ झाला असता. गावात एकाच घरावर कौले असतात तोवर ‘कौलांचे घर’ एवढा पत्ता पुरतो. साऱ्या गावाने कौले घातली की पत्ता खोटा ठरत नाही, पण त्यावरून घरही सापडत नाही. लिडेकरच्या मणक्याचे असेच झाले. त्याचे वर्णन आजही अचूक आहे, मात्र ती खूण एका प्राण्याची नसून एका मोठ्या घराण्याची आहे. म्हणून ती जाती ओळखण्याच्या कामातून गेली आणि नाते जुळवण्याच्या कामी आली. ‘टायटॅनोसॉर’ हा मोठा गट आजही अभ्यासकांच्या वर्गीकरणात आहे. वेगळेपण आणि नाते ही दोन्ही उत्तरे हाडांतूनच मिळतात, फक्त कोणती खूण कोणत्या पायरीवरची हे नवे नमुने आल्यावरच कळते.

इथे एक खरी अडचण आहे. सारखी खूण म्हणजे नातेच, असे नसते. चीनमधल्या, कितीतरी आधीच्या मामेंचीसॉरस या प्राण्याच्या शेपटीच्या बुडाशीही असेच मणके आहेत, तरी तो टायटॅनोसॉर नाही. ही घडण दोन घराण्यांत स्वतंत्रपणे आली. म्हणून एका खुणेवर वंशावळ उभी करत नाहीत. मान, पाठ, खांदा, पाय अशा अनेक भागांतली लक्षणे एकत्र मांडून, सगळ्यांचा मेळ कमीत कमी बदलांत कुठे बसतो ते तपासले जाते. फरक वयामुळेही पडू शकतो. त्यासाठी मणक्याची कमान त्याच्या मुख्य भागाशी सांधली गेली आहे का ते पाहतात, आणि हाडाचा पातळ छेद घेऊन वाढीच्या रेषा तपासतात. सर्वांत घातक घोटाळा मात्र सरमिसळीचा. चार्ल्स मॅटलीने बारा सिमलाच्याच हाडांवरून लॅमेटासॉरस नावाचा चिलखती डायनोसॉर मांडला होता. त्यातली काही हाडे मांसाहारी डायनोसॉरची असून चिलखताचे तुकडे बहुधा टायटॅनोसॉरचे आहेत, असे पुढे दिसून आले.

या कसोट्यांवर चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा सांगाडा किती मोलाचा आहे हे लक्षात येते. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याचे वर्णन ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टी’ या नावाने केले. मानेचे, पाठीचे, त्रिकास्थीचे, शेपटीचे मणके, खांदा, पुढचा पाय, कटी अशी हाडे एकाच प्राण्याची म्हणून मिळाली, त्यामुळे सरमिसळीची शंका उरली नाही आणि वेगळी लक्षणेही मुबलक होती. जबलपूरचे नाव बाद करणाऱ्या 2003 च्या त्याच अभ्यासात 14 पैकी फक्त पाच जाती ओळखण्याजोग्या ठरल्या. डोंगरगावची जाती त्यांत होती. जुने प्रजातीनाव वापरता येत नव्हते, म्हणून तिला संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘इसिसॉरस’ हे नवे नाव मिळाले. नाव बदलले, जाती मात्र टिकली.

तरीही डोंगरगावच्या प्राण्याची कवटी मिळालेली नाही, मागचे पायही नाहीत. उद्या त्याच काळाच्या, म्हणजे हा सांगाडा ज्यांत मिळाला त्या लॅमेटा नावाच्या खडकांच्या थरांत टायटॅनोसॉरची सुटी कवटी सापडली, तरी केवळ वय आणि प्रदेश जुळतो म्हणून ती इसिसॉरसची ठरणार नाही. तिच्यासोबत मानेचे किंवा पाठीचे मणके मिळाले आणि ते डोंगरगावच्या मणक्यांशी जुळले, तरच तसे म्हणता येईल.