ध्वनिप्रयोगशाळेतील लहान लेथयंत्र : मांडणी आणि सुरक्षित वापर

भाषाशास्त्र विभागाच्या पत्रिकेत लेथयंत्रावर लेख यावा, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु ज्यांनी स्वरांच्या भौतिक स्वरूपाचा अभ्यास केला आहे, त्यांना हा संबंध दूरचा वाटणार नाही. चिबा आणि काजियामा या जपानी संशोधकांनी १९४१ मध्ये स्वरांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. मुखविवराचा आकार ठरला म्हणजे स्वराचा गुणही ठरतो, हे त्यांनी मोजमापांच्या आधारे त्यात दाखवून दिले. पुढे १९६० मध्ये गुन्नार फांट यांच्या ग्रंथाने या विचाराला गणिती बैठक मिळाली. हे सारे वर्गात तोंडी सांगता येते. पण विद्यार्थ्याच्या हाती धातूची नळी देऊन तिच्यातून 'आ' ऐकवला, तर जे समजते ते निराळेच. अशी नळी हव्या त्या मापाची बाजारात मिळत नाही. ती कातून घ्यावी लागते.

मेजावर बसेल असे लहान लेथयंत्र आता अनेक प्रयोगशाळांच्या आवाक्यात आले आहे. यंत्र लहान असल्यामुळे ते निरुपद्रवी असावे, असा समज मात्र सहज होतो, आणि तो घातक आहे. हे यंत्र नीट मांडावे कसे आणि त्यावर निर्धोकपणे काम करावे कसे, हे ध्वनिविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी सांगणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. शब्द आणि वस्तू

मराठीत 'कातणे' हे क्रियापद सुताचेही आहे आणि लाकडाचेही. 'कातीव खांब' म्हणताना आपण या दुसऱ्याच अर्थाचा उपयोग करीत असतो. हा शब्द हाताशी असूनही यंत्रशाळेत त्याला फारसा वाव मिळालेला नाही. तेथे यंत्र ते 'लेथ', कारागीर तो 'टर्नर', आणि जी वस्तू कातावयाची ती 'जॉब'. मदतीसाठी हाक मारावयाची झाल्यास ती शेजारच्याला तत्काळ कळली पाहिजे. म्हणून येथे यंत्रशाळेतील शब्दच स्वीकारले आहेत.

यंत्राचे मुख्य भाग येणेप्रमाणे : खालचा लांब ओतीव पाया तो 'बेड'. डाव्या टोकाला 'हेडस्टॉक'. त्यात फिरणारा पोकळ आस, म्हणजे 'स्पिंडल'. स्पिंडलच्या तोंडावर जॉब पकडणारा 'चक'. उजव्या टोकाला सरकता 'टेलस्टॉक'. त्यात टेकू देणारे टोकदार 'सेंटर' किंवा भोक पाडणारे ड्रिल बसते. या दोहोंच्या मध्ये बेडवर मागेपुढे सरकणारी 'कॅरेज'. तिच्यावर कापणारे 'टूल' घट्ट बसविलेले असते. लेथवर जॉब फिरतो आणि टूल फिरत नाही, हे ध्यानात ठेवावे. पुढील बहुतेक नियम या एका गोष्टीतूनच निघतात.

२. यंत्राची मांडणी

सुमारे ४० किलोग्रॅम वजनाचे यंत्र एकट्याने उचलू नये. मेज जड व न डुलणारे असावे आणि यंत्र त्याला बोल्टांनी आवळलेले असावे. कारखान्यातून येताना यंत्रावर गंजरोधक चिकट लेप असतो. तो रॉकेलात भिजविलेल्या फडक्याने व ब्रशाने काढून सरकपट्ट्यांवर लगेच तेलाचा पातळ थर द्यावा. विजेची जोडणी अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटातूनच घ्यावी. यंत्र थांबविण्याचे लाल बटण डाव्या हाताला सहज पोहोचले पाहिजे. चकाच्या पलीकडे हात नेऊन ते दाबावे लागू नये.

बेड सपाट मेजावर ठेवला म्हणजे तो सरळ बसलाच असे नाही. एक पाय किंचित उंच राहिला आणि बोल्ट आवळले, तर ओतीव बेडलाही सूक्ष्म पीळ पडतो. पाणसळीने स्थूल कल्पना येते. खरी कसोटी मात्र कातूनच घ्यावी लागते. २५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गज चकात असा धरावा, की सुमारे ७५ मिलिमीटर भाग बाहेर राहील. टेलस्टॉकचा टेकू देऊ नये. टूलची आडवी स्थिती न बदलता गजाच्या दोन्ही टोकांवर हलकासा काप घ्यावा, आणि दोन्ही ठिकाणचे व्यास मायक्रोमीटरने मोजावेत. बाहेरच्या टोकाचा व्यास मोठा आला, तर तेथे टूल आसापासून दूर जात आहे असे समजावे. दोष बेडच्या पिळाचा असेल तर टेलस्टॉककडील पुढच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या, पायाखाली पातळ पत्र्याची चकती घालावी. त्यामुळे बेडचा तो भाग किंचित मागे कलतो, टूल आसाकडे सरकते आणि फरक कमी होतो. व्यास लहान आला तर मागच्या पायाखाली चकती घालावी. ही मोजणी दोनतीनदा करावी लागते. त्यात गेलेली दुपार वाया गेली असे समजू नये.

३. टूलची उंची

टूलचे टोक जॉबच्या आसाच्या नेमक्या उंचीवर असावे लागते. ते वर असेल तर टूल कापण्याऐवजी घासते. फार खाली असेल तर जॉब टूलवर चढू पाहतो. उंची तपासण्याची सोपी युक्ती अशी : यंत्र बंद असताना टूलचे टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये पोलादी पातळ पट्टी उभी धरून टूल अलगद टेकवावे. पट्टी उभी राहिली तर उंची बरोबर. पट्टीचे वरचे टोक आपल्यापासून दूर कलले तर टूल वर आहे. आपल्याकडे झुकले तर टूल खाली आहे. टूलखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून किंवा काढून ही उंची जुळविता येते. टूलचा बाहेर आलेला भाग शक्य तितका आखूड ठेवावा. नाहीतर ते थरथरते आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात.

४. वेग

दर मिनिटाला किती फेरे घ्यावयाचे हे अंदाजाने ठरवू नये. कापण्याचा वेग मीटर प्रतिमिनिट आणि व्यास मिलिमीटरमध्ये घेतला, तर वेगाला १००० ने गुणून, व्यास गुणिले ३.१४ या संख्येने भागले म्हणजे फेरे मिळतात. साध्या पोलादासाठी हायस्पीड स्टीलच्या टूलने २५ मीटरचा वेग धरला, तर २५ मिलिमीटर व्यासाच्या गजास मिनिटाला सुमारे ३२० फेरे येतात. ॲल्युमिनियमसाठी ६० मीटर धरल्यास ४० मिलिमीटर व्यासाला सुमारे ४८० फेरे होतात. व्यास जितका मोठा तितके फेरे कमी, ही गोष्ट नवशिक्याच्या हातून नेहमी उलटी होते. जलद व मंद गतीचा दांडा बदलावयाचा असेल तर यंत्र पूर्ण थांबल्यावरच बदलावा.

५. धोका कोठे आहे

मिनिटाला ६०० फेरे म्हणजे सेकंदाला १० फेरे. ८० मिलिमीटर व्यासाच्या चकाचा परिघ सुमारे २५ सेंटिमीटर. म्हणजे चकात अडकलेले कापड सेकंदाला अडीच मीटर या वेगाने आत ओढले जाते. माणसाला धोका उमगून हात हलण्यास पाव सेकंद लागतो असे धरले, तरी तेवढ्या वेळात साठ सेंटिमीटरांहून अधिक कापड गुंडाळले गेलेले असते. पदर, ओढणी, सैल बाही, गळ्यातील साखळी किंवा मोकळे केस यांपैकी काहीही अडकले, तर 'पटकन ओढून घेऊ' हा विचार मनात येण्यापूर्वीच सारे संपलेले असते.

ही भीती काल्पनिक नाही. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात, रसायनशास्त्राच्या इमारतीतील यंत्रशाळेत, पदवीच्या शेवटच्या वर्षातील एक विद्यार्थिनी रात्री एकटी लेथवर काम करीत होती. तिचे केस यंत्रात अडकले आणि त्यात तिचा अंत झाला. ती भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी होती. यंत्र तिला अपरिचित नव्हते. बटण दाबणारा दुसरा हात तेवढा तेथे नव्हता. म्हणून लेथवर एकट्याने काम न करणे, हा सर्व नियमांतील पहिला नियम होय.

उरलेले नियम असे :

(अ) केस बांधून टोपीखाली घ्यावेत. बाह्या कोपरावर दुमडाव्यात. अंगठी, बांगड्या, घड्याळ, मंगळसूत्र व ओळखपत्राची फीत काढून ठेवावी. साडी किंवा ओढणी असेल तर अंगालगत बसणारा कोट घालून पदर पूर्णपणे आत घ्यावा.

(आ) हातमोजे घालू नयेत. हाताचे रक्षण करणारी वस्तू म्हणून ते सुरक्षित वाटतात. परंतु फिरत्या जॉबला मोजा लागला, तर तो मोज्याबरोबर बोटेही ओढून नेतो. डोळ्यांवर मात्र संरक्षक चष्मा असलाच पाहिजे.

(इ) चकाची चावी चकात असेपर्यंत तिच्यावरील हात काढू नये. चावी चकात विसरून यंत्र सुरू केले, तर ती अस्त्राप्रमाणे फेकली जाते. प्रस्तुत लेखकाचा हात एकदा अशाच स्थितीत बटणाकडे गेला होता. सहकाऱ्याने वेळीच थांबविले, म्हणून हे निव्वळ उदाहरण म्हणून सांगता येत आहे.

(ई) यंत्र सुरू करण्यापूर्वी चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावा. चकाचे जबडे टूलला वा कॅरेजला कोठेही अडत नाहीत, याची अशी खात्री होते.

(उ) टेकू नसता जॉबचा बाहेर आलेला भाग व्यासाच्या तिपटीहून अधिक नसावा. अधिक असल्यास टेलस्टॉकचा आधार द्यावा.

(ऊ) कापताना निघणारा धातूचा कीस तापलेला व पात्यासारखा धारदार असतो. तो बोटांनी ओढू नये. यंत्र थांबवावे, मग ब्रशाने किंवा आकड्याने काढावा. लांब तार निघू लागली तर काप थांबवून ती तोडावी. तिला वाढू देऊ नये.

(ए) मोजमाप फक्त थांबलेल्या जॉबवरच घ्यावे. चक थांबत असताना त्याला हाताने आवरू नये. पॉलिश कागद जॉबभोवती बोटांनी गुंडाळू नये.

६. एक उदाहरण : 'आ'ची नळी

मोठ्या पुरुषाचा ध्वनिमार्ग सुमारे १७ ते १७.५ सेंटिमीटर लांब असतो. एका टोकाला बंद व सर्वत्र सारख्या व्यासाची १७.५ सेंटिमीटरची नळी घेतली, तर तिच्यातील अनुनाद सुमारे ५००, १५०० व २५०० हर्ट्झला येतात. हा झाला उदासीन स्वर. 'आ'साठी मागचा भाग अरुंद व पुढचा रुंद लागतो. मागे ९ सेंटिमीटर लांब व १ चौरस सेंटिमीटर छेदाची नळी आणि पुढे ८ सेंटिमीटर लांब व ७ चौरस सेंटिमीटर छेदाची नळी, ही रूढ मांडणी. तिचे पहिले दोन अनुनाद सुमारे ७९० व १२७० हर्ट्झच्या आसपास येतात. कातण्याचे आतले व्यास होतात ११.३ व २९.९ मिलिमीटर.

नऊ सेंटिमीटर खोल अरुंद भोक लहान यंत्रावर सरळ साधणे कठीण. म्हणून ४० मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियम गजाचे ३० मिलिमीटरचे तीन आणि ४० मिलिमीटरचे दोन तुकडे करावेत. प्रत्येकाची दोन्ही तोंडे सपाट कातावीत, कारण फटीतून हवा गेली तर स्वर बिघडतो. सेंटर ड्रिलने खूण करून मग ११ मिलिमीटरचे ड्रिल टेलस्टॉकमधून हळूहळू आत न्यावे. थोडे गेले की बाहेर काढून कीस मोकळा करावा. यंत्र थांबवून रॉकेलचे काही थेंब सोडल्यास ॲल्युमिनियम टूलला चिकटत नाही. जवळपास ज्योत मात्र नसावी. अखेरचे माप बोअरिंग टूलने गाठावे. छेदाचे क्षेत्र व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते; त्यामुळे ११.३ मध्ये ०.१ मिलिमीटरची चूक झाली तर क्षेत्रात सुमारे १.८ टक्के फरक पडतो. कानाला तो जाणवणार नाही. १ मिलिमीटरची चूक मात्र लपणार नाही. तुकडे एका रेषेत जुळवून बाहेरून पट्टीने बांधावेत, आणि अरुंद टोकाला कृत्रिम कंठयंत्र टेकवावे. नळीतून 'आ' ऐकू येतो.

काम संपल्यावर वीज तोडावी, यंत्र झाडावे, सरकपट्ट्यांना तेल द्यावे, आणि चावी तिच्या खुंटीवर टांगावी. खुंटी रिकामी दिसली तर कोणीही यंत्र सुरू करू नये, असा दंडक प्रयोगशाळेत घालून घ्यावा. एका स्वराचा आकार हातात घेऊन पाहण्याचा आनंद मोठा आहे. पण त्यासाठी बोटाचे एक पेरही देण्याचे कारण नाही.