नवी खूणगाठ

एखादे काम विसरू नये म्हणून पदराला किंवा उपरण्याला गाठ मारण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. ‘खूणगाठ’ हा शब्द त्या रीतीचीच आठवण देतो. गाठीचा दोष एवढाच की, काहीतरी करावयाचे आहे हे ती सांगते. काय आणि केव्हा, हे मात्र सांगत नाही.

उतारवयात नेमकी हीच उणीव भासते. साठ वर्षांपूर्वीच्या शाळेतील गुरुजी डोळ्यांपुढे उभे राहतात, पण दुपारची गोळी घ्यावयाची राहून जाते. घडलेले आठवणे आणि करावयाचे आठवणे ही स्मृतीची दोन निरनिराळी कार्ये आहेत. दुसरे अधिक कठीण. कारण तेथे विचारणारा कोणी नसतो, योग्य क्षणी मनानेच मनाला जागे करावे लागते. शेगडी पेटती राहिली, औषध चुकले, की ‘आता यांना एकटे ठेवणे बरे नव्हे’ असे घरची माणसे म्हणू लागतात. वृद्धाचे स्वावलंबन असे या लहानशा आठवणींवर अवलंबून असते.

मग स्मरणशक्तीचा व्यायाम करावा काय? अमेरिकेत २,८३२ वृद्धांना वेगवेगळे बौद्धिक शिक्षण देऊन केलेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. जे शिकविले त्यात प्रगती झाली. परंतु दैनंदिन व्यवहारात तिचा लाभ दोन वर्षांत दिसून आला नाही. शब्दांची यादी पाठ झाल्याने गोळीची वेळ आठवतेच असे नाही.

यासाठी टेक्सासमधील बेलर विद्यापीठाचे मायकेल स्कलिन व त्यांचे सहकारी यांनी निराळा मार्ग धरला. स्मृतिदोष जडू लागलेल्या ५२ वृद्धांना त्यांनी स्मार्टफोन वापरण्यास शिकविले. काहींनी वेळेवर सूचना देणारे अ‍ॅप वापरले. इतरांनी करावयाचे काम स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चार आठवड्यांनंतर दोन्ही गटांतील वृद्धांनी रोजची कामे आठवण्यात सुधारणा झाल्याचे सांगितले. ज्यांनी अ‍ॅप अधिक वेळा वापरले, त्यांना नेमून दिलेली कामेही अधिक आठवली. या वयात नवे यंत्र शिकता येत नाही, हा समज त्यामुळे डळमळीत झाला.

घडलेल्या गोष्टींसाठीही असाच उपाय टोरांटो विद्यापीठात योजण्यात आला. ‘हिप्पोकॅमेरा’ या अ‍ॅपमध्ये वृद्ध व्यक्ती एखाद्या प्रसंगाचे लहानसे चित्रण करते, त्याचे महत्त्व स्वतःच्या शब्दांत सांगते आणि पुढे ते पुनःपुन्हा पाहते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा प्रसंगांच्या आठवलेल्या तपशिलांत पन्नास टक्क्यांहून अधिक वाढ दिसून आली. चित्रणापेक्षा, त्यासाठी दिलेले लक्ष आणि झालेली उजळणी यांचे मोल येथे मोठे आहे.

अर्थात हे औषध नव्हे. विस्मरण वाढत असेल तर वैद्यकीय सल्ला घेतलाच पाहिजे. परंतु घरातील तरुणाने आजोबांच्या फोनमध्ये सारे काही एकाच दिवशी भरून देण्यापेक्षा, शेजारी बसून एकच सूचना त्यांच्याच हातून लावून घ्यावी. ती अंगवळणी पडली की दुसरी. गाठ ज्याची त्यानेच मारलेली असावी, तरच ती सोडविताना काम आठवते.