जन्म गोव्यातला, नागरिकत्व कोणतं?

गोव्यातल्या जुन्या घरात ट्रंक उघडली की आजोबांचा पोर्तुगीज भाषेतला जन्मदाखला सापडतो. मग प्रश्न निघतो: आजोबा जन्मले पोर्तुगीज अमलात, मग ते भारतीय नागरिक झाले कधी? त्यांनी अर्ज केला होता का?

अर्ज करावाच लागला नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव २० डिसेंबरपासून भारताचा केंद्रशासित प्रदेश ठरला. पण जमीन आली म्हणजे माणसं आपोआप नागरिक होतात असं नाही. नव्याने सामील झालेल्या प्रदेशातले कोण नागरिक, हे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ नुसार केंद्र सरकार आदेश काढून ठरवतं.

तो आदेश २८ मार्च १९६२ रोजी निघाला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जी व्यक्ती स्वतः, किंवा जिचे आई-वडील वा आजी-आजोबा यांपैकी कोणीही एक, या प्रदेशात जन्मले होते, ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली गेली. धर्म किंवा भाषा विचारली नाही. ज्याला हे नको होतं, त्याने महिन्याभरात लेखी कळवून आपलं आधीचं नागरिकत्व राखायचं होतं.

फादर मोंतेरो यांनी तसं कळवलं. ते पोर्तुगीज नागरिक राहिले आणि परवान्यावर गोव्यातच राहिले. मुदत संपल्यावर परवाना वाढवून घेतला नाही, म्हणून त्यांच्यावर परदेशी नागरिक कायद्याखाली खटला झाला. त्यांचं म्हणणं असं, की गोवा हा लष्कराने व्यापलेला प्रदेश आहे आणि जिनिव्हा करारानुसार मला बाहेर काढता येत नाही. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. प्रदेश भारतात विलीन झाला तेव्हाच लष्करी ताबा संपला, असा निकाल दिला.

या खटल्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. नागरिकत्व नाकारता आलं, पण हुकूमत नाकारता आली नाही. देशाचा कायदा तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला लागू होतो, मग तो नागरिक असो वा परका.

म्हणून तो जन्मदाखला जपून ठेवा. वर शिक्का कुठल्या राज्याचा आहे याइतकंच खालचं गाव आणि तारीखही बघा. १९६२ च्या आदेशाने तेवढंच पाहिलं होतं.